दोन रोहा

पेणला रामवाडीत एसटीचं विभागीय कार्यालय आहे, स्टँड आहे, महामार्गाने कोकणात उतरणाऱ्या गाड्याही तिथे थांबतात. एवढा सरकारी सरंजाम समोर असताना रस्त्याच्या कडेला मिनीडोरवाला उभा राहतो आणि एसटीच्या तोंडचा प्रवासी काढून नेतो. तो हे कसं करतो ते बघत राहावं. आपल्या गाडीबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. बोलण्यासारखं काही नसतंच. इंजिन चालू ठेवून गाडी हातभर पुढे घेतो, हातभर मागे घेतो आणि ओरडतो, "निघाली, निघाली! एकच सीट! वडखळ, वडखळ!" ती एकच सीट सकाळपासून एकच असते. पोर कडेवर घेतलेली बाई दिसली की, "ताई, बाळाला वारा लागेल अशी जागा देतो." पाठीला सॅक लावलेला मुलगा दिसला की, "कॉलेज ना? घंटेच्या आधी सोडतो." आणि टोपीतले कोणी वडीलधारे दिसले की तो अदबीने खालीच उतरतो. "काका, तुम्ही पुढे बसा, माझ्या शेजारी." त्या मानाच्या जागेवर बसणाऱ्याचा निम्मा देह वडखळपर्यंत गाडीबाहेर असतो. पण काका बसतात. बसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता येते ती आरामगाडीत पाय पसरून बसलेल्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलेली नाही.

बाईची काळजी, मुलाची घाई आणि म्हाताऱ्याचा मान ओळखायला त्याला दोन-तीन सेकंद पुरतात. बरं, या तिघांनाही आतून ठाऊक असतं की गाडी एवढ्यात निघणार नाही. तरी चढतात. आपली काळजी कोणीतरी ओळखली याचंच माणसाला इतकं बरं वाटतं की पुढच्या थापा तो उदार मनाने पोटात घालतो.

आम्हा पांढरपेशांचा मात्र मुद्द्यांवर भारी विश्वास. शाळेत वक्तृत्व स्पर्धा, कॉलेजात वादविवाद मंडळ, पुढे सोसायटीची सर्वसाधारण सभा. मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन, समारोप. मुद्दा क्रमांक दोन ऐकून कोणी आपलं मत बदलल्याचं मला आठवत नाही. उलट मुद्दा जितका बिनतोड तितका ऐकणारा जास्त चिडतो, कारण त्याला पळायला जागा राहत नाही. आणि पळायला जागा नसलेला माणूस मान्य करत नाही, विषय बदलतो. "ते सगळं ठीक आहे हो, पण तुम्ही मेंटेनन्स वेळेवर भरता का?" इथे सभा संपते आणि चहा येतो.

ॲरिस्टॉटलला हे तेवीसशे वर्षांपूर्वी ठाऊक असावं. लोकांना पटवण्याच्या कलेवर त्याने ग्रंथ लिहिला, त्यातल्या दुसऱ्या भागात तो बराच वेळ मनोविकारांतच रमला आहे. राग कोणाला येतो, कोणावर येतो, कशामुळे येतो. भीतीचं, लाजेचं, मत्सराचंही तसंच. तरुण कसे असतात आणि म्हातारे कसे असतात याचीही त्याने नोंद केली आहे, आणि म्हाताऱ्यांबद्दल जे लिहिलंय ते आमच्या घरात मोठ्याने वाचण्यासारखं नाही.

पुढे १९३६ मध्ये अमेरिकेत डेल कार्नेगीने माणसं जिंकण्याचं पुस्तक लिहिलं. त्यात मासेमारीचा दाखला आहे: स्ट्रॉबेरी आणि साय आपल्याला आवडते म्हणून कोणी गळाला स्ट्रॉबेरी लावत नाही, माशाला जे आवडतं ते लावावं. दाखला चोख आहे. अडचण एवढीच की गळाला लागलेला मासा पुन्हा गिऱ्हाईक म्हणून येत नाही. पेणच्या बाजारातल्या कोळणीला गिऱ्हाईक बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी परत यायला हवं असतं, म्हणून तिचं शास्त्र कार्नेगीच्या पुढचं आहे. मी एकदा तिच्या पुढ्यात बोंबलांचा भाव करत होतो. तिने माझ्या दुसऱ्या हातातला मिठाईचा पुडा बघितला.

"पाव्हणं कोण आलंय?"

"जावई."

"जावई आलाय आनि बोंबील नेतोस, दादा?"

एवढंच. जिताड्याकडे तिने बोटसुद्धा दाखवलं नाही. तो तिथे होता आणि मी तिथे होतो. जिताडा घेतला तेव्हा मला लुबाडल्यासारखं मुळीच वाटलं नाही. ऐन वेळी कोणीतरी घराण्याची अब्रू राखली असं वाटलं. पुढच्या रविवारी तिने विचारलं, "जावई काय म्हनला?" मासळी खपल्यावरही तिला उत्तर ऐकायचं होतं. गळ टाकणाऱ्याला ही चौकशी करावी लागत नाही.

रायगड जिल्ह्याच्या पाण्यातच काहीतरी असावं. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे, आणि दुसऱ्याचं अंतर ओळखून वागा हे त्यात त्यांनी किती परींनी सांगितलंय. पण माझ्या मनात नेहमी येते ती अलीकडची जोडी. एक पेणचा, एक रोह्याचा. दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर. आणि दोघांच्या तऱ्हा इतक्या उलट्या की एकाच जिल्ह्याने हे कसं जमवलं याचं नवल वाटावं.

पेणचा म्हणजे पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. विनायक नरहरी भावे, जन्म ११ सप्टेंबर १८९५. विनोबा हे नाव पुढचं. गागोद्याच्या घरी अंगणात फणस होता. फणस पिकला की पोरांचा जीव वर टांगलेला; पण कापल्यावर आई द्रोण भरून द्यायची आणि हे आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन ये म्हणून पिटाळायची. आपण खायचं ते नंतर. विनोबांनीच ही आठवण सांगितली आहे. दुसरी आठवण गीतेची. आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत कळेना. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तर तीही तिला तितकीच अवघड. मग तूच का लिहीत नाहीस, तुला येईल, असं ती माउली म्हणाली. आता मुलगा हट्टी, बुद्धीचा अभिमान असलेला, आईवर जीव असलेला. अशा मुलाला "तुला येईल" म्हणणं म्हणजे त्याला जन्माचा कामाला लावणं. आई १९१८ मध्ये गेली. 'गीताई' १९३२ मध्ये छापून आली. समजूत घालण्याचं एखादं वाक्य फळायला कधीकधी चौदा वर्षं लागतात.

मग १८ एप्रिल १९५१. तेलंगणातलं पोचमपल्ली. त्या मुलखात जमिनीवरून रक्तपात झालेला, जमीनदार धास्तावलेले, कुळं पेटलेली, मध्ये पोलीस. तिथल्या दलित वस्तीतली माणसं विनोबांना म्हणाली, आम्हाला जमीन हवी. किती? त्यांनी हिशेब करून सांगितलं, ऐंशी एकर. त्यावर विनोबांनी अर्थशास्त्र सांगितलं नाही की कायदा. समोर गाव बसलं होतं, त्यालाच विचारलं. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. जमिनीचा काही भाग गरिबांना द्यावा अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती, असं सांगितलं जातं. तसं असेल तर विनोबांनी त्यांच्या मनात नवीन काहीच घातलं नाही. जे आत पडून होतं त्याला उठायला निमित्त दिलं, तेही चारचौघांत, जिथे उठून उभं राहण्यात शोभा होती.

पुढे त्यांचं मागणं ठरून गेलं. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. हे ज्याला सुचलं त्याला भारतीय बाप ठाऊक होता. जमीनदाराला जमीनदार म्हणून हाक मारली की तो वकील बोलावतो. बाप म्हणून हाक मारली की त्याची पंचाईत होते. वाटणी मागणाऱ्या मुलावर रागावता येतं, पण तू माझा नाहीस असं कसं म्हणणार? त्यात हा सहावा मुलगा भलताच सोयीचा. लग्न नाही, सून नाही, मिळालेला वाटा स्वतःजवळ ठेवत नाही, आणि सकाळ झाली की पुढच्या गावाला चालायला लागतो. असा मुलगा कोणालाही चालेल.

तेरा-चौदा वर्षं ते चालत होते. चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीची दानपत्रं झाली. उद्दिष्ट पाच कोटी एकरांचं होतं, तेव्हा हिशेबतपासनीस इथे नाक मुरडतील. आणि मिळालेल्यातही खडकाळ, तंट्यातली, नदीने नेलेली अशी जमीन पुष्कळ निघाली. मुलाच्या प्रेमाने गहिवरलेल्या बापाने नेमका कातळ कसा काय काढून दिला, हा प्रश्न रास्त आहे. पण जो बाप मोठ्या मुलालाही चांगला तुकडा देत नाही त्याच्याकडून सहाव्याने किती अपेक्षा करावी! मला जास्त दुखतं ते दुसरंच. कित्येक दानपत्रं कागदावरच राहिली, भूमिहीनाच्या नावावर जमीन चढलीच नाही. विनोबांनी जमीनदारांचं मन वळवलं. तलाठ्याचं वळवायचं राहून गेलं. हृदयपरिवर्तनाची नोंद सातबाऱ्यावर कोणत्या रकान्यात करायची हे कोणी ठरवलं नव्हतं.

रोह्याचे ते पांडुरंगशास्त्री आठवले, जन्म १९ ऑक्टोबर १९२०. त्यांच्या स्वाध्याय परिवारातली माणसं, म्हणजे स्वाध्यायी, घरोघर भक्तिफेरीला जातात ते स्वखर्चाने, आपला डबा घेऊन. ज्याच्या घरी जायचं त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. विनोबा दारात येऊन सहावा हिस्सा मागायचे, हे चहाला नाही म्हणतात.

आपल्याकडे चहा नाकारणं ही साधी गोष्ट नाही. कोकणातल्या घरात तर नाहीच. दारात आलेला अनोळखी माणूस काय मागणार हे आपल्याला पाठ असतं: मत, वर्गणी किंवा विम्याचा हप्ता. तो चहा प्यायला की आपलं अर्धं काम होतं, कारण मग 'चहा पाजला की, अजून काय हवं' असं म्हणून दार लावता येतं. हा माणूस मागतही नाही आणि घेतही नाही. घरधनी दोन दिवस बेचैन. हा आला कशाला? पुन्हा आला, पुन्हा नुसता बसला, तुम्ही बरे आहात ना म्हणाला, गेला. तिसऱ्या खेपेला मालकच त्याला थांबवून विचारतो, "अहो, तुमचं म्हणणं तरी काय आहे?" हा प्रश्न ऐकायला विमा एजंटाने काय वाटेल ते दिलं असतं.

पुढे कोळीवाड्यांत 'मत्स्यगंधा' आल्या. सगळ्यांची मिळून एक होडी. पाळीपाळीने कोणीतरी तिच्यावर जायचं, मजुरी न घेता. जे मिळेल ते देवाचं, आणि देवाचं म्हणून गरजवंताचं. दर्यावर रोज जीव टाकणाऱ्याला आजवर प्रत्येक जण काही ना काही शिकवायला आलेला: दारू सोड, शाळा शिक, बचत कर. तू देऊ शकतोस, देवाला तुझी एक पाळी हवी आहे, असं त्याला कोणी म्हणालंच नव्हतं. शास्त्रीजींना १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाले. मला वाटतं, पुरस्कार समितीपेक्षा त्यांना घेणाऱ्याच्या मनातली लाज जास्त समजली होती.

म्हणजे दोघांनी समोरच्याला एक पायरी वर चढवलं. विनोबांनी जमीनदाराला बाप केलं, शास्त्रीजींनी कोळ्याला दाता केलं. रामवाडीचा मिनीडोरवालाही काकांना पुढची जागा देऊन तेच करतो. फरक फक्त बाहेर राहिलेल्या निम्म्या देहाचा.

तो फरक लहान नाही, हे आमच्या खारेपाटात लोकांना चांगलं कळलेलं आहे. महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, दिवसांत पेण, पनवेल, उरणच्या गावांतून जमिनीचे दलाल हिंडत होते. त्यांचा अभ्यास कोणत्याही संतापेक्षा कमी नव्हता. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कोणाचा पोरगा नोकरीसाठी वणवण करतोय, कोणत्या घरात दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सगळं मुखोद्गत. थोरल्याला सांगायचं धाकटा सही करतोय, धाकट्याला सांगायचं थोरल्याने केली. अंतर ओळखणं ते हेच; समर्थांनी सांगितलेलं, ॲरिस्टॉटलने लिहिलेलं. पण भातखाचरं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली, पाण्याची आस लागलेली. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं, आणि बहुतेकांनी नको म्हटल्याच्या बातम्या आल्या. प्रकल्प पुढे बारगळला. चावडीवर, पारावर, लग्नाच्या मांडवात माणसाच्या कानाशी कोणीतरी असतं. मतपेटीपाशी त्याच्या कानाशी कोणी नव्हतं.

मी तेव्हापासून एक साधी पारख वापरतो. ज्या युक्तीने मला पटवलं ती नंतर मला उघड सांगता येईल का? विनोबांची तर देशभर छापून आलेली होती. गावात पोचायच्या आधीच सहाव्या मुलाची गोष्ट पोचलेली असायची, तरी माणसं द्यायची. कोळणीची मला त्याच क्षणी कळली होती. दलालाची मात्र त्या दोन भावांनी एकदा एकमेकांशी बोलून बघितलं की संपली.

ही पारख माझ्या मामीला लावून बघावी की नाही याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत.

मामा एसटीत कंडक्टर होते. अख्खी नोकरी रायगड विभागात. निवृत्तीनंतर रामवाडीजवळच घर बांधलं, कारण गाड्यांचा आवाज आला नाही तर त्यांना झोप लागत नाही. तर मामांना मोतीबिंदू झाला. मुद्देसूद मंडळी पुढे सरसावली. पुण्याच्या मुलाने ऑपरेशनचा व्हिडिओ पाठवला, तो बघून जे थोडंफार मन वळलं होतं तेही परत फिरलं. सुनेने सांगितलं, वीस मिनिटांचं काम असतं. मी सांगितलं, हल्ली टाके सुद्धा नसतात. मामांचं एकच: "मला सगळं दिसतं." आणि ते घरात फिरताना खरोखरच कुठे अडखळत नसत, कारण घरातली कुठलीही वस्तू मामी जागची हलू देत नव्हती.

मामी या चर्चेत कधी पडलीच नाही. एके दिवशी रोह्याला साखरपुडा निघाला. दोघं स्टँडवर आली.

"तुम्हीच बघा हो गाडी. मला मेलीला बोर्ड कळत नाहीत."

मामी सातवी पास, आणि रोजचा पेपर चष्म्याशिवाय छोट्या जाहिरातींसकट वाचणारी. मामांनी मान वर केली, डोळे बारीक केले, दोन गाड्या लागल्या होत्या त्यातल्या एकीकडे हात केला. "ही." मामी निमूट चढली आणि खिडकीशी बसली.

गाडी गच्च भरलेली. कंडक्टर मागून तिकिटं फाडत यायला वडखळ आलं. मामांनी खात्यातल्या माणसाच्या रुबाबात, न बघता, दोन बोटं वर केली. "दोन रोहा."

"काका, ही अलिबाग आहे."

पुढचं वाक्य त्या पोराने अगदी आदराने म्हटलं, आणि तेच लागलं. "खात्यातले ना काका तुम्ही?"

गाडी वडखळच्या नाक्यावर उजवीकडे वळायच्या आत त्याने दोघांना उतरवून दिलं. तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत. रस्त्याच्या कडेला मामी एवढंच म्हणाली, "इथून रोह्याच्या गाड्या पुष्कळ मिळतात." डोळ्यांचं नाव नाही, ऑपरेशनचं नाव नाही. समोरच्या दुकानातून तिने साखरपुड्याच्या घरी द्यायला पोह्याचे पापड घेतले आणि पैसे मोजून मामांना द्यायला लावले. जन्मभर दुसऱ्यांना 'ही रोहा नाही, ती मागची' असं सांगितलेला माणूस. त्या आठवड्यात त्यांनी आपणहून पुण्याला फोन लावला. "त्या डॉक्टरचं काय म्हणत होतास?"

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि त्याच संध्याकाळी मामीने सगळं सांगून टाकलं. बोर्ड मला दिसला होता, अलिबागच होता. मामांनी अबोला धरला. तो त्यांना फार काळ टिकवता येत नाही, कारण रात्री नऊच्या आत 'पाणी तापलंय का' हे विचारावंच लागतं. पण या खेपेला बराच टिकला. मग जेवताना एकदम म्हणाले, "आणि मी पनवेलची गाडी पकडली असती तर?"

"तर पनवेलहून फिरलो असतो. साखरपुडा काय, दुपारचा होता."

मला मामीचं हे वागणं अजून सगळं पटलेलं नाही. भरल्या गाडीत नवऱ्याला तोंडघशी पडू द्यायचं, तेही त्याच्याच खात्यातल्या पोरासमोर, याला कितीही चांगला हेतू जोडला तरी थोडं बोचतंच. तिला हे बोललो तर म्हणाली, "तू सांगितलंस टाके नसतात. त्यांना टाक्यांची भीती होती कुठे? आपल्याला दिसत नाही हे पोरांसमोर कबूल करायची भीती होती. ते आता कबूल करावंच लागलं नाही. डॉक्टरचा नंबर विचारला, झालं." हे खरं होतं. मामा आजही म्हणतात की दिसत सगळं होतं, ऑपरेशन आपलं मुलाच्या समाधानासाठी केलं. आणि कोणी पाहुणा आला की पुढच्या खोलीतून रस्त्यावरच्या गाडीचा बोर्ड वाचून दाखवतात.

हे सगळं मला सध्या आठवायचं कारण म्हणजे गणपतीचा मोसम तोंडावर आला आहे आणि आमच्या शेजारचे निवृत्त सर पुन्हा शाडूच्या प्रचाराला निघाले आहेत. हमरापूर, जोहे, तांबडशेत, या सगळ्या पट्ट्यात घरोघर मूर्तींचे कारखाने. पेणचे गणपती परदेशी जातात ते इथूनच. सर दरवर्षी पत्रक काढतात. त्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं रासायनिक सूत्र असतं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना असतात, जलचरांवरचे परिणाम असतात. सगळं खरं आहे. लोक पत्रक घेतात, घडी घालतात आणि प्लॅस्टरची मूर्ती घेऊन जातात, कारण ती हलकी, टिकाऊ आणि स्वस्त असते. कारखानदाराला सांगायला जावं तर त्याचीही बाजू आहे. शाडू जड, वाळायला वेळखाऊ, आणि मोसम नेमका पावसाचा. वाटेत बोट तुटलं तर गिऱ्हाईक अपशकुन मानतं.

आमच्या आळीत शाडूच्या मूर्ती वाढल्या त्या सरांच्या पत्रकाने नव्हेत. समोरच्या आजी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला घेऊन पाण्यावर गेल्या होत्या. परत आल्या त्या ओट्यावर बसून राहिल्या. कोणी विचारलं तर म्हणाल्या, "काल ज्याला मोदक भरवला त्याचा हात तिथे पडलाय गं." पुढे काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी आळीत सूत्र कोणाला पाठ झालं नाही, पण पुढच्या वर्षी चार घरांनी शाडू विचारला. सरांना मी म्हटलं, पत्रकातून सूत्र काढा आणि आजींना आत घ्या. ते म्हणाले, त्याला शास्त्रीय आधार काय?

परवा सरांनाच घेऊन मी एका कारखान्यात गेलो. आखणी चालू होती. मूर्तीचं सगळं काम कोणीही करो, डोळे घरातला जाणता माणूसच आखतो, आणि गिऱ्हाईक मूर्ती घेतं ते डोळ्यांवर. एक जोडपं आलेलं होतं, मुंबईचं असावं. नवरा किमतीच्या चिठ्ठ्या वाचत पुढे चालला होता, बायको काही न बोलता रांगांतून हिंडत होती. कारागीर आपला मान खाली घालून कुंचला चालवत होता. बाई एका शाडूच्या मूर्तीपाशी दुसऱ्यांदा आली तसा तो उठला, ती मूर्ती उचलल्यासारखी करून त्याने पाटावर जराशी फिरवली, आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

"अहो," बाई म्हणाली, "हा माझ्याकडेच बघतोय."

"तो जड आहे, शाडूचा आहे," नवरा म्हणाला. "त्या किमतीत पलीकडचा दीडपट मोठा मिळतो."

कारागिराने मान वरही केली नाही. "बघणारच, वहिनी. मघाशी तुम्ही इथनं गेल्यापासनं बघतोय."

सर माझ्या कानाशी लागले. "त्याने फिरवली. मी बघितलं. हे तिला सांगायला हवं."

"तिनेही बघितलंय," मी म्हटलं.

तेवढ्यात नवऱ्याने खिशात हात घालत विचारलं, "केवढ्याला?" आणि कारागिराने किंमत सांगितली, पण त्याला नाही, बाईंकडे बघून सांगितली.